बंडलरची प्लगइन-साहाय्यक फंक्शने

जावास्क्रिप्ट या संगणकीय भाषेत स्वतंत्रपणे लिहिलेल्या अनेक फाइली (मॉड्यूले) एकत्र जोडून त्यांपासून ब्राउझरला देण्याजोगी एक वा काही थोड्या फाइली तयार करणाऱ्या आज्ञावलीस ‘बंडलर’ म्हणतात. बंडलरच्या मूळ कामात भर घालणाऱ्या आणि बहुधा त्रयस्थ लेखकांनी लिहिलेल्या जोड-आज्ञावलीस ‘प्लगइन’, तर अशी प्लगइने लिहिताना वारंवार लागणाऱ्या लहानसहान क्रियांच्या तयार संचास ‘साहाय्यक फंक्शने’ ही संज्ञा आहे. फाइलीच्या मार्गातील तिरप्या रेघा एकसारख्या करणे, एखादी फाइल आपल्या कक्षेत येते की नाही हे ठरविणे, भाषेच्या नियमांत न बसणाऱ्या नावापासून चालण्याजोगे नाव बनविणे, ही कामे दिसावयास क्षुल्लक आहेत. तथापि एकमेकांना न ओळखणाऱ्या लेखकांची प्लगइने एकाच फाइलीवर एकामागून एक काम करतात, तेव्हा या बाबींविषयी त्यांच्यात एकवाक्यता नसेल, तर अंतिम फाइल बिघडते. ही एकवाक्यता आरंभी कोठेच लिहिलेली नव्हती. ती साहाय्यक फंक्शनांत साठत गेली आणि पुढे तिच्यातील काही भाग खुद्द बंडलरच्या रचनेत सामावला गेला.

वारंवार लागणारे काम एकदाच लिहून ठेवावे, ही कल्पना संगणकाइतकीच जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक हा संगणक ६ मे १९४९ रोजी चालू झाला. त्यासाठी डेव्हिड व्हीलर व त्यांचे सहकारी यांनी उपकार्यक्रमांचा संग्रह छिद्रित कागदी फितींवर तयार केला. मॉरिस विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांच्या १९५१ मधील ग्रंथात त्याचे सविस्तर वर्णन आहे. संग्रहातील फीत स्वतःच्या फितीवर उतरवून घेतली, तरी तो उपकार्यक्रम स्मृतीत कोठे बसेल त्यानुसार त्यातील पत्ते बदलावे लागत. व्हीलर यांनी रचलेल्या आरंभिक आज्ञा हे काम आपोआप करीत. परक्याने लिहिलेला भाग आपल्या भागाला बेमालूम जोडण्याचा प्रश्न तेथेच प्रथम नीट मांडला गेला आणि तेथेच बऱ्याच अंशी सुटलाही. [→ संगणक].

जावास्क्रिप्टला मात्र हा वारसा लाभला नाही. ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत मे १९९५ मध्ये या भाषेचे पहिले रूप सुमारे दहा दिवसांत सिद्ध केले. जालपृष्ठावरील किरकोळ हालचालींसाठी योजिलेल्या या भाषेत मॉड्यूलाची कल्पनाच नव्हती. एका पृष्ठावर दहा फाइली घेतल्या, तर दहाही फाइलींतील नावे एकाच सामाईक अवकाशात पडत. दोन फाइलींत एकच नाव आले, की नंतरची फाइल आधीच्या नावावर आपला अर्थ लादत असे, आणि ब्राउझर त्याबद्दल बहुधा चकार शब्द काढीत नसे. २००९ मध्ये केव्हिन डँगूर यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या कॉमनजेएस या उपक्रमाने मॉड्यूलाचा एक संकेत ठरविला. त्याच वर्षी रायन डाल यांनी निर्माण केलेल्या नोड या प्रणालीने तो उचलला. नोडमध्ये फाइली थेट चकतीवरून वाचता येत. ब्राउझरला त्या जाळ्यावरून मागवाव्या लागत. हे अंतर भरून काढण्यासाठी जेम्स हॅलिडे यांचा ब्राउझरिफाय (२०११) आणि टोबियास कोपर्स यांचा वेबपॅक (२०१२) हे बंडलर पुढे आले.

वेबपॅकने एक धाडसी भूमिका घेतली : केवळ जावास्क्रिप्टच नव्हे, तर शैलीपत्रके, चित्रे, टंक अशी कोणतीही फाइल मॉड्यूल मानता येईल, मात्र तिचे जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर करणारा ‘लोडर’ पुरविला पाहिजे. हे लोडर बव्हंशी बाहेरच्या लेखकांनी लिहिले. लोडरला द्यावयाच्या सूचना त्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह देऊन, जालपत्त्यातील प्रश्नांशाप्रमाणे, एका ओळीत लिहीत. ती ओळ सोडवून सूचना वेगळ्या करणे प्रत्येक लोडरास भाग होते. म्हणून लोडर-यूटिल्स हा साहाय्यक संच तयार झाला. त्यातील पार्सक्वेरी हे फंक्शन सूचनांची ओळ सोडवी. गेटऑप्शन्स हे लोडरास त्याच्या सूचना काढून देई. इंटरपोलेटनेम हे मूळ नाव, आशयावरून काढलेला संक्षेपांक व विस्तार यांवरून तयार फाइलीचे नाव बनवी.

या फंक्शनांची पुढील कथा उद्बोधक आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या वेबपॅकच्या पाचव्या आवृत्तीत सूचना देण्याचे काम बंडलरने स्वतःकडेच घेतले, आणि २०२१ मधील लोडर-यूटिल्सच्या तिसऱ्या आवृत्तीतून गेटऑप्शन्स व पार्सक्वेरी ही दोन्ही वगळण्यात आली. परंतु जुन्या आवृत्त्या असंख्य प्रकल्पांच्या पायात तशाच राहिल्या. २०२२ मध्ये पार्सक्वेरीत एक सुरक्षा-दोष उघडकीस आला. सूचनांच्या ओळीत एक विशिष्ट राखीव नाव घातल्यास जावास्क्रिप्टमधील वस्तूंचा सामाईक मूळ नमुनाच बदलता येत असे. नवीन आवृत्तीतून निवृत्त झालेल्या या फंक्शनाच्या दुरुस्तीसाठी पहिल्या व दुसऱ्या आवृत्तीच्या मालिकांत सुधारित प्रती काढाव्या लागल्या. त्याआधी मार्च २०१६ मध्ये मजकुराच्या डावीकडे रिकामी जागा भरणारे, अवघ्या अकरा ओळींचे लेफ्टपॅड हे फंक्शन त्याच्या कर्त्याने एनपीएम या सार्वजनिक संग्रहातून काढून घेतले असता हजारो प्रकल्पांची बांधणी थांबली होती. साहाय्यक फंक्शनाचा आकार आणि त्यावरील भार यांचे प्रमाण किती व्यस्त असू शकते, हे या दोन प्रसंगांवरून दिसते.

जून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भाषेच्या सहाव्या प्रमाणकाने आयात व निर्यात ही विधाने भाषेतच आणली. कोणत्या फाइलीतून कोणते नाव घेतले, हे आता आज्ञावली न चालविता, केवळ वाचून कळू लागले. या गुणाचा पुरेपूर उपयोग त्याच वर्षी रिच हॅरिस यांनी रोलअप या बंडलरमध्ये केला. हॅरिस हे वृत्तपत्रक्षेत्रातील. लंडनचे द गार्डियन व नंतर द न्यूयॉर्क टाइम्स यांच्यासाठी त्यांनी परस्परसंवादी आलेख तयार केले. वाचकाकडे कमीत कमी मजकूर पाठवावा, ही वृत्तपत्री निकड त्यांच्या रचनेशी सुसंगत अशीच आहे. रोलअप सर्व मॉड्यूले एका अवकाशात सपाट मांडतो आणि न वापरलेला भाग गाळून टाकतो. झाड हलवून वाळलेली पाने पाडावीत, तशी ही क्रिया असल्याने तिला ‘ट्री शेकिंग’ असे नाव रूढ झाले.

रोलअपचे अंतरंग मुद्दाम लहान ठेवलेले आहे. कॉमनजेएस पद्धतीची मॉड्यूले किंवा जेसन स्वरूपातील माहिती त्याला मुळात कळत नाही. ते सारे प्लगइनांवर सोपविलेले आहे. प्लगइनास काही ठरावीक टप्प्यांवर बोलावले जाते. मॉड्यूलाचे नाव कोणत्या फाइलीचे आहे हे ठरविण्याच्या आणि ती फाइल वाचण्याच्या टप्प्यांवर जे प्लगइन प्रथम उत्तर देईल त्याचे उत्तर ग्राह्य धरतात. रूपांतराच्या टप्प्यावर मात्र प्रत्येक प्लगइन आधीच्याने दिलेल्या मजकुरावर आपले काम करते. या रचनेमुळे सौजन्याचा प्रश्न उद्‌भवतो : आपले नसलेले काम प्लगइनाने सोडून दिले पाहिजे. रोलअपच्या प्लगइनयूटिल्स या संचातील सर्वाधिक वापराचे क्रिएटफिल्टर हे फंक्शन नेमके यासाठी आहे. समाविष्ट करावयाच्या व वगळावयाच्या फाइलींचे नमुने त्याला दिले, की ते एक चाळणी बनवून देते. वापरणाऱ्याच्या दृष्टीने याचा लाभ असा, की कोणाचेही प्लगइन घेतले तरी हे दोन पर्याय त्याच नावांनी व त्याच अर्थाने मिळतात.

या चाळणीत एक अलिखित करार दडलेला आहे. काही प्लगइने चकतीवर अस्तित्वातच नसलेली, स्वतः रचलेली आभासी मॉड्यूले बंडलरला देतात. अशा मॉड्यूलाच्या नावाच्या आरंभी शून्य-वर्ण लावावा, असा रोलअपमध्ये संकेत आहे. अंकी मूल्य शून्य असलेला हा अदृश्य वर्ण नेहमीच्या फाइलींच्या नावांत येत नाही, म्हणून तो निवडला गेला. क्रिएटफिल्टरने बनविलेली चाळणी शून्य-वर्ण असलेले प्रत्येक नाव निरपवादपणे नाकारते. परिणामी ज्या लेखकाने हा संकेत कधी ऐकलाही नाही, तोही या फंक्शनाचा वापर केल्यास तो आपोआप पाळतो. स्वतःची चाळणी स्वतःच लिहिणारा लेखक मात्र दुसऱ्याच्या आभासी मॉड्यूलात हात घालण्याची शक्यता राहते.

नॉर्मलाइझपाथ या फंक्शनामागे याहून जुना इतिहास आहे. युनिक्स प्रणालीत फाइलीच्या मार्गातील घटक पुढे झुकलेल्या तिरप्या रेघेने विलग करतात. मायक्रोसॉफ्टच्या डॉस प्रणालीत ती रेघ आज्ञांना जोडावयाच्या पर्यायांसाठी आधीच वापरात होती. १९८३ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत उपनिर्देशिकांची सोय आली, तेव्हा मार्गासाठी मागे झुकलेली रेघ घ्यावी लागली. विंडोजने ती पुढे चालविली. म्हणून एका लेखकाच्या यंत्रावर बिनचूक चालणारे प्लगइन दुसऱ्याच्या यंत्रावर एकही फाइल ओळखत नाही. नॉर्मलाइझपाथ मागे झुकलेल्या सर्व रेघा पुढे झुकवते. याखेरीज काही करीत नाही.

मेकलीगलआयडेंटिफायर हे फंक्शन कोणत्याही मजकुरापासून भाषेला चालणारे नाव बनविते. नाव अंकाने सुरू होत असल्यास किंवा ‘टाइपऑफ’सारखा राखीव शब्द असल्यास ते आरंभी अधोरेखा लावते. रोमन अक्षरे, अंक, अधोरेखा आणि डॉलर-चिन्ह यांव्यतिरिक्त उरलेल्या वर्णांच्या जागीही ते अधोरेखा घालते. येथे मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याचा मुद्दा येतो. भाषेच्या प्रमाणकानुसार देवनागरी अक्षरे नावांत चालतात; या फंक्शनाच्या लेखी मात्र ती अवैध आहेत. ‘दर’ आणि ‘वय’ या दोन्ही शब्दांची येथे दोन-दोन अधोरेखांत सारखीच वासलात लागते. माहितीच्या संचापासून मॉड्यूल बनविणारे डेटाटूईएसएम हे फंक्शन संचातील प्रत्येक नोंदीस वेगळे निर्यात-नाव देते. पण नोंदीचे नाव वरील फंक्शनातून जसेच्या तसे बाहेर पडले, तरच. त्यामुळे जेसन फाइलीत नोंदींची नावे देवनागरीत असल्यास ती माहिती हरवत नाही. परंतु तिला स्वतंत्र नाव मिळत नाही आणि ती केवळ एकत्रित वस्तूच्या पोटात राहते. भाषेच्या २०२२ च्या प्रमाणकाने निर्यात-नाव म्हणून कोणताही मजकूर अवतरणचिन्हांत देण्यास मुभा दिली. त्यानंतर डेटाटूईएसएममध्ये अशी नावे स्वीकारण्याचा पर्याय घालण्यात आला, पण तो ऐच्छिक आहे. सांगितल्याशिवाय तो लागू होत नाही. करार ज्यांनी लिहिला त्यांच्या लिपीचा ठसा त्यावर उमटणे स्वाभाविक असले, तरी तो ठसा इतक्या खालच्या थरात असला म्हणजे वरच्या थरातील वापरकर्त्यास त्याचे कारण सापडणे कठीण जाते.

संचातील अटॅचस्कोप्स हे फंक्शन अधिक सखोल स्वरूपाचे आहे. ते आज्ञावलीच्या वाक्यरचना-वृक्षातील योग्य त्या शाखांना त्यांची व्याप्ती, म्हणजे तेथे कोणती नावे घोषित झाली आहेत याची नोंद, जोडून देते. एखाद्या सामाईक नावाच्या जागी आयात केलेले मॉड्यूल घालणाऱ्या प्लगइनास ते नाव लेखकाने स्वतःच स्थानिक म्हणून घोषित केले आहे काय, हे त्यावरून कळते.

२०१९ च्या अखेरीस रोलअपची विखुरलेली प्रमुख प्लगइने व हा साहाय्यक संच एका सामाईक भांडारात आणून त्यांची नावे नव्या पद्धतीने लावण्यात आली. इव्हान यू यांच्या व्हीट या साधनाने (२०२०) पुढे रोलअपचीच प्लगइन-रचना विस्तारून स्वीकारली. क्रिएटफिल्टर व नॉर्मलाइझपाथ ही दोन फंक्शने तर व्हीट स्वतःच्या नावावर उपलब्ध करून देतो. एका बंडलरच्या सोयीसाठी रचलेले संकेत अशा रीतीने त्याच्या घराबाहेर पडले.

त्यानंतरचा बदल गतीच्या गरजेतून आला. मार्च २०२४ मध्ये खुला झालेला रोलडाउन हा बंडलर रस्ट भाषेत लिहिलेला आहे. प्लगइने मात्र जावास्क्रिप्टमध्येच राहिली. प्रत्येक फाइलीसाठी प्रत्येक प्लगइनास हाक मारावयाची आणि त्याने आतल्या चाळणीने ती फाइल नाकारावयाची, यात दोन भाषांची सीमा दरवेळी ओलांडावी लागते आणि तो वेळ वाया जातो. म्हणून चाळणी प्लगइनाच्या आत न ठेवता ती बंडलरलाच आगाऊ कळवावी, अशी योजना करण्यात आली. २०२५ मध्ये रोलअपनेही ती स्वीकारली. क्रिएटफिल्टरचे काम यामुळे अंशतः बंडलरकडे गेले. त्याच वर्षी प्लगइनयूटिल्समध्ये एक्झॅक्टरेजेक्स व प्रीफिक्सरेजेक्स ही छोटी फंक्शने दाखल झाली. बंडलरला कळवावयाचे नमुने त्यांतील विशेष चिन्हांचा घोटाळा न होता बिनचूक लिहिता यावेत, एवढाच त्यांचा हेतू आहे. बंडलरच्या जुन्या आवृत्त्यांवरही चालावे लागणाऱ्या प्लगइनांत चाळणी दोन्ही ठिकाणी ठेवली जाते.