सुताटेन्साची रेडिओशाळा

कोलंबियाच्या अँडीज पर्वतराजीत, बोयाका प्रांतात सुताटेन्सा हे लहानसे खेडे आहे. १९४७ साली होसे होआकीन साल्सेदो या तरुण कॅथलिक धर्मगुरूची तिथे नेमणूक झाली. शेतकऱ्यांची घरे डोंगरउतारांवर विखुरलेली. अनेकांना अक्षरओळखही नव्हती. साल्सेदोंनी एक छोटे प्रक्षेपणयंत्र उभारले आणि वर्गच घरापर्यंत नेला. पुढे ‘रेडिओ सुताटेन्सा’ देशभर ऐकू येऊ लागला.

या यशाचे श्रेय सहसा यंत्राला दिले जाते. मला ते अर्धेच पटते. शाळा भरे ती कुणाच्या तरी घरात. घरची माणसे आणि शेजारी रेडिओभोवती बसत, आणि त्यांच्यातलाच, थोडेफार वाचता येणारा एक जण सहायक म्हणून उभा राही. रेडिओवरचा शिक्षक अक्षर सांगे. सहायक ते फळ्यावर काढी, अडखळणाऱ्याला मदत करी. सोबतीला छापील पुस्तिका असत, आणि १९५८पासून ‘एल काम्पेसिनो’ हे शेतकऱ्यांचे साप्ताहिकही.

याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. शाळांना दिलेले बरेचसे रेडिओ या एकाच केंद्राला जुळवून बंद केलेले असत. दुसरे काही ऐकण्याची सोयच नव्हती. साक्षरता, आरोग्य, शेती यांच्याबरोबर धर्मशिक्षण येई. म्हणजे अक्षर देणाराच काय ऐकायचे तेही ठरवत होता. मात्र याच संस्थेने पुढे जबाबदार पालकत्वाचा विषय काढला, तेव्हा चर्चमधल्या वरिष्ठांशी तिचे खटके उडाले.

आपल्याकडेही १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने सुमारे दीडशे गावांत श्रोतामंडळांचा प्रयोग केला. त्याचा चर्चशी संबंध नव्हता. पण तिथेही कार्यक्रम संपल्यावर गावकरी चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राला कळवीत.

सुताटेन्साचे प्रक्षेपण १९८०च्या दशकाच्या अखेरीस थांबले. श्रोत्यांनी पाठवलेली पत्रे मागे राहिली. हा संग्रह बोगोटातील लुईस आन्हेल आरांगो ग्रंथालयात आहे आणि २०१३ साली युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ कार्यक्रमात त्याचा समावेश झाला. किती रेडिओ वाटले यापेक्षा मला हा पुरावा मोलाचा वाटतो. ज्यांना फक्त ऐकण्यापुरते यंत्र दिले होते, ती माणसे लिहायला शिकली आणि उलट बोलू लागली. आजच्या पडद्यावरच्या वर्गांनाही मी हेच विचारीन: शिकणाऱ्याजवळ बसणारे कुणी आहे का, आणि त्याचे पत्र कुणी वाचते का?