गिऱ्हाईक नक्की कोणाचं?

परवा वीकएन्डला तुळजापूरला घरी गेलो होतो. दुकानात एसटीडी-पीसीओची पिवळी पाटी अजून लटकलेली आहे. अण्णा ती काढत नाहीत आणि मीही काढा म्हणत नाही. आपलं इंजिनिअरिंग त्याच दुकानावर झालंय!

३१ जुलै १९९५ ला कलकत्त्याहून ज्योती बसूंनी केंद्रीय मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल लावला. तेव्हा मिनिटाला १६ रुपयांपर्यंत मोजावे लागत, वर इनकमिंगलाही पैसे. त्यामुळे नवरात्रात यात्रेकरूंची रांग आमच्या बूथवरच. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि हळूहळू रांग ओसरली.

पुढच्या भांडणाचं मूळही मला त्याच वर्षात दिसतं. एकीकडे नोकिया ११००. टॉर्चवाला, धुळीला न जुमानणारा, म्हणजे लोडशेडिंगच्या गावात तर सोनंच! लोक 'नोकिया द्या' म्हणायचे, सिम मग आयडियाचं घाला नाहीतर बीपीएलचं. दुसरीकडे रिलायन्सचा सीडीएमए. ५०१ रुपये भरा, फोन हातात, बाकीचे हप्त्याने. त्यात सिमच नव्हतं, म्हणजे कंपनी बदलायची तर फोनही बदला. एकीकडे गिऱ्हाईक फोन बनवणाऱ्याचं, दुसरीकडे नेटवर्कवाल्याचं.

अण्णा रिचार्जकडे वळले. दसऱ्याला एसएमएसचे पॅक चालायचे नाहीत, पूर्ण पैसे कापले जायचे, तरी लोक शुभेच्छा पाठवायचेच. मग व्हॉट्सअॅप आलं आणि ती कमाई आटली. कंपन्यांचं रडगाणं सुरू झालं: रस्ता आमचा, गाड्या त्यांच्या, टोल कुठाय? डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेट कॉलिंगचे वेगळे पैसे लावायचं जाहीर केलं आणि ओरड झाल्यावर मागे घेतलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने साइट बघून वेगवेगळे दर लावायला बंदी केली. त्यात फेसबुकचं फ्री बेसिक्सही गेलं.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, २०१७ मध्ये जिओफोन. डिपॉझिट १५०० रुपये. म्हणजे ५०१ वाली युक्तीच पुन्हा! पण लोक पहिला प्रश्न विचारायचे, 'व्हॉट्सअॅप चालतं का?' ते सप्टेंबर २०१८ पासून चालायला लागलं. नेटवर्क त्यांचं, फोन त्यांचा, तरी गिऱ्हाईक तिसऱ्याचंच.

मग भांडण मिटलं कसं? भागीदारीने. २०२० मध्ये जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये फेसबुकने ४३,५७४ कोटी घातले, गूगलने ३३,७३७ कोटी. तोवर व्होडाफोन-आयडिया एक झाले होते, एअरसेल बुडाली होती. जुलै २०२४ मध्ये उरलेल्या तिन्ही खाजगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर वाढवले. स्पर्धेत आपल्याला मिळालेलं स्वस्त असं हळूहळू परत जातं.

अण्णांचं कमिशन त्याआधीच घटलं होतं. आणि गंमत बघा, पुण्यात माझी टीम बनवते काय, तर रिचार्जचं अॅप. दुकानात न जाता, दोन क्लिकमध्ये. हे अण्णांना माहीत आहे. ते त्यावर कधीच काही बोलले नाहीत.

निघताना आईचा रिचार्ज संपलेला. मी मोबाइल काढला, तर अण्णा म्हणाले, "थांब, मी करतो."

मी खिशात ठेवून दिला. असो.