दिव्यांची अवस

दिवाळी-दसऱ्याचीं वर्णनें आपण पुष्कळ ऐकलीं असतील. आज एका अबोल सणाविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत. आषाढी अमावास्या, म्हणजेच दिव्यांची अवस, हा तो सण. त्या दिवशीं घरांतील समया, निरांजनें, लामणदिवे घांसूनपुसून पाटावर मांडतात, त्यांची पूजा करितात आणि कणकेच्या गोड दिव्यांचा नैवेद्य दाखवितात. दुसऱ्याच दिवशीं व्रतांचा श्रावण लागतो. त्याची ही सिद्धता.

ह्या दिवसाची कहाणी मोठी मार्मिक आहे. राजाच्या सुनेनें घरांतला पदार्थ स्वतः खाऊन आळ उंदरांवर घातला. उंदरांनीं सूड म्हणून तिची चोळी पाहुण्याच्या अंथरुणांत नेऊन टाकली. ती बदनाम झाली, घराबाहेर गेली. मात्र घरीं असतांना ती रोज स्वहस्तें दिवे घांशीत असे. पुढें अवसेच्या रात्रीं गांवचे दिवे झाडावर जमले. त्यांत तिच्या घरच्या दिव्यानें खरी हकीकत सांगितली, ती राजानें ऐकली आणि सून सन्मानानें घरीं आली.

१८६५ सालीं मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले, १८८२ सालीं क्रॉफर्ड मार्केटांत वीज आली; हळूहळू घरोघरचा दिवा बटनाचा झाला. आज शहरांत हीच तिथि ‘गटारी’ म्हणून अधिक गाजते.

घरांतील कष्टांना साक्षीदार क्वचितच असतो. जिची बाजू माणसांनीं ऐकली नाहीं, तिची बाजू दिव्यानें मांडली. एवढ्याचसाठीं तरी वर्षांतून एकदां समई घांसावी, आणि ती रोज कोण घांशीत होतें, याची आठवण करावी.