बोटाऐवजी रबरी नळी

१९१७ च्या उन्हाळ्यात अमेरिकन शल्यविशारद हार्वे कुशिंग बेल्जियममधील ईप्रच्या आघाडीजवळ ब्रिटिश लष्करी रुग्णालयात काम करू लागले. तोफगोळ्याचा तुकडा मेंदूत शिरलेला सैनिक तेव्हा बहुधा दगावतच असे. रुतलेल्या हाडाच्या कपच्या शोधण्यासाठी जखमेत बोट घालण्याचा प्रघात होता; त्या बोटाखाली शाबूत मेंदूही चिरडला जाई. कुशिंग यांनी बोटाऐवजी मऊ रबरी नळी वापरली. ती जखमेच्या वाटेने अलगद सरकवायची, कपची लागली की तिची जागा हेरायची आणि नळीला जोडलेल्या रबरी फुग्याने निकामी झालेला मेंदूचा भाग शोषून घ्यायचा. पोलादी तुकड्यांसाठी लोहचुंबक. भूल केवळ स्थानिक, म्हणजे रुग्ण जागाच! शेवटी जखम पूर्ण शिवून टाकायची. यात थोर म्हणावे असे यंत्र एकही नाही. तरीही पहिल्या महिन्यात निम्म्याहून अधिक असलेले मृत्यूचे प्रमाण तिसऱ्या महिन्यात सुमारे २९ टक्क्यांवर आले.

याच काळातील त्यांच्या रोजनिशीत एक वेगळा मृत्यू आहे. गुरुस्थानी असलेल्या विल्यम ऑस्लर यांचा मुलगा रेव्हिर ऑगस्टअखेर तोफगोळ्याने जखमी झाला. निरोप मिळताच कुशिंग गेले. पण जखमा छातीत आणि पोटात होत्या, तेथे त्यांची नळी काय करणार? ३० ऑगस्टला रेव्हिर गेला. १९१९ मध्ये ऑस्लरही गेले. त्यांच्या पत्नीने चरित्रलेखनाचे काम कुशिंग यांच्याकडेच सोपवले. त्या चरित्रास १९२६ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले.