गाय, धार आणि शिशाची पेटी

बचत गटाच्या बैठकीत आमचं बोलणं हप्ते, व्याज, शेळ्या आणि पापडाच्या ऑर्डरी यांच्याभोवती फिरतं. आजचा विषय त्यातला नाही, पण सुरू झाला आमच्या गटातूनच.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या आक्कांना हाडांचा स्कॅन सांगितला होता. स्तनाच्या गाठीचं ऑपरेशन झालेलं, आजार हाडांपर्यंत गेला आहे का ते बघायचं होतं. शहरातल्या मोठ्या दवाखान्याने सकाळी नऊची वेळ दिली. आम्ही दोघीतिघी बरोबर निघालो. वडाप घाटात बंद पडली, दुसरी गाडी मिळेपर्यंत दुपार झाली, पोचलो तेव्हा तीन वाजले होते. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "तुमचं औषध सकाळी भरून ठेवलं होतं. ते आता उतरलं. पुढच्या आठवड्यात या."

आक्का म्हणाल्या, "उतरलं म्हणजे काय? फ्रिजात ठेवायचं की!"

त्यात हातात दिलेल्या कागदावर शब्द होता 'किरणोत्सर्गी'. तो वाचून आक्का परतीच्या वाटेवर गप्पच झाल्या. घरी सहा महिन्यांचा नातू. अंगात असलं काही टोचून घेऊन त्याला मांडीवर कसं घ्यायचं? दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगून टाकलं, आता आपण जाणार नाही.

आम्ही तो कागद घेऊन पुन्हा दवाखान्यात गेलो. तिथल्या तंत्रज्ञ ताईंनी वेळ काढून समजावलं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे एक गाय आहे. रोज सकाळी तिची धार काढायची, आणि ती धार त्याच दिवशी वापरायची." आम्हाला वाटलं, थट्टा करताहेत. पण जगभर या यंत्राला खरोखरच गाय म्हणतात. ही गाय कुठून आली, ते शोधताना जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगतो.

सुरुवात एका खानावळीतून करू. १९११ साली इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहरात जॉर्ज हेवेशी नावाचा हंगेरीचा तरुण शास्त्रज्ञ राहत होता. त्याला संशय होता, की घरमालकीण रविवारचं उरलेलं जेवण आठवडाभर फिरवून फिरवून वाढते. ती कबूल होईना. मग त्याने ताटात उरलेल्या अन्नात किरणोत्सर्गी पदार्थाचा एक कण टाकला, आणि काही दिवसांनी जेवणाच्या वेळी किरण ओळखणारं उपकरण आणून ताटाला लावलं. चोरी पकडली गेली, अशी गोष्ट सांगतात. आम्हाला विचाराल तर आम्ही मालकिणीच्या बाजूने. उरलेलं अन्न टाकायचं का? पण युक्ती मात्र खरी होती. एखाद्या गोष्टीत किरण सोडणारा कण मिसळला, की ती कुठे कुठे फिरते ते बाहेरून कळतं. पुढे हेवेशीने याच पद्धतीवर खूप काम केलं, आणि १९४३ सालचं नोबेल त्याला त्यासाठीच मिळालं. आक्कांच्या हाडांचा स्कॅन म्हणजे तेच. औषध शरीरात कुठे जाऊन बसतं, ते कॅमेरा बाहेरून बघतो.

युक्ती सापडली, तरी तो कण हाताळायचा कसा, हा प्रश्न होताच. त्याची किंमत आधी बायकांच्या हातांनी मोजली.

मादाम क्युरी यांचं नाव आपण शाळेत ऐकलेलं असतं. १८९८ मध्ये त्यांनी रेडियम शोधलं. पहिल्या महायुद्धात त्या एक वेगळंच काम करत होत्या. रेडियममधून सतत एक किरणोत्सर्गी वायू निघत असतो, त्याचं नाव रेडॉन. पॅरिसमध्ये त्या तो वायू ओढून बारीक काचेच्या नळ्यांत बंद करत, आणि त्या नळ्या जखमी सैनिकांवर उपचारासाठी दवाखान्यांत जात. रेडियम जागेवरच राहायचं, रोज थोडा वायू द्यायचं. पहिली गाय म्हणायची तर हीच. पण तिला गोठा नव्हता. क्युरीबाईंच्या बोटांची टोकं भाजून कडक झाली होती. १९३४ मध्ये त्या गेल्या त्या रक्त तयार होणं थांबवणाऱ्या आजाराने. त्यांच्या वह्या आजही पॅरिसमध्ये शिशाच्या पेट्यांत ठेवलेल्या आहेत.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावात घड्याळांच्या तबकड्या रंगवायचा कारखाना होता. रंगात रेडियम, म्हणून आकडे अंधारात चमकायचे. काम करायला तरुण मुली. कुंचल्याला टोक यावं म्हणून तो ओठांत धरून ओलावायचा, असं त्यांना शिकवलेलं. ग्रेस फ्रायर ही त्यातली एक, १९१७ मध्ये कामाला लागली. काही वर्षांनी मुलींचे दात पडू लागले, जबड्याची हाडं झिजली. शरीर रेडियमला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं, आणि रेडियमचा जोर निम्मा व्हायला सोळाशे वर्षं लागतात. १९२७ मध्ये ग्रेस आणि आणखी चौघीजणी कोर्टात उभ्या राहिल्या. १९२८ मध्ये कारखान्याला तडजोड करून भरपाई द्यावी लागली. किरणोत्सर्गी वस्तूंशी काम करणाऱ्यांना संरक्षण देण्याचे नियम पुढे आले, त्यामागे या मुलींचा मोठा वाटा आहे. आक्कांच्या मनातली भीती वेडी नव्हती, हे आम्हाला इथे कळलं.

मग अवजारं बदलली. १९४० च्या दशकात अमेरिकेत अणुभट्ट्या सुरू झाल्या आणि आधी कधी नव्हता इतका किरणोत्सर्गी माल तयार होऊ लागला. तो हाताने उचलणं शक्यच नव्हतं. जाड भिंतींच्या बंद खोल्या बांधल्या, त्यांना शिसं मिसळलेल्या जाड काचेच्या खिडक्या बसवल्या. शिकागोजवळच्या आर्गॉन प्रयोगशाळेत रे गर्ट्झ या अभियंत्याने यांत्रिक हात तयार केले. माणूस खिडकीबाहेर उभा राहून मूठ वळवतो, आणि आतला लोखंडी हात तशीच मूठ वळवतो. आजही दवाखान्यांसाठीचा कच्चा माल अशाच खोल्यांतून निघतो.

पण दर दवाखान्यात अशी खोली कोण बांधणार? आणि जिचा जोर लवकर संपतो अशी वस्तू लांबून आणायची तरी कशी? नाशवंत माल बाजारात नेणाऱ्या कोणालाही ही अडचण कळेल.

यावरचा तोडगा १९५८ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत निघाला. वॉल्टर टकर आणि मार्गारेट ग्रीन हे दोघे आयोडीनचा एक किरणोत्सर्गी प्रकार शुद्ध करत होते. त्यांच्या मालात कसली तरी भेसळ येत राहिली. माग काढला, तर ते टेक्नेशियम निघालं. हे मूलद्रव्य इटलीतल्या पालेर्मो शहरात १९३७ मध्ये सेग्रे आणि पेरिए यांनी शोधलेलं, माणसाच्या यंत्रातून मिळालेलं पहिलं नवं मूलद्रव्य. नावाचा अर्थच 'कृत्रिम'. ब्रूकहेवनमध्ये ते येत होतं मोलिब्डेनम नावाच्या दुसऱ्या धातूच्या किरणोत्सर्गी प्रकारापासून. भेसळ फेकून देण्याऐवजी टकर आणि ग्रीन यांनी ती वेगळी मिळवायचं साधन तयार केलं.

त्याची रचना आम्हाला ताईंनी कागदावर काढून दाखवली. शिशाच्या जाड पेटीत एक छोटी काचेची नळी. नळीत अॅल्युमिनाची पांढरी पूड, आणि पुडीला चिकटलेलं मोलिब्डेनम. शास्त्रज्ञांच्या भाषेत हे जनक, आणि त्यापासून होणारं टेक्नेशियम म्हणजे चक्क लेक. आम्ही आपलं माय-लेक म्हणू. मायेचा जोर निम्मा व्हायला ६६ तास लागतात, म्हणजे पावणेतीन दिवस. लेकीचा सहा तासांत निम्मा होतो. पूड मायेला घट्ट धरते, लेकीला सैल धरते. वरून मिठाचं पाणी, आपल्या सलाइनसारखंच, सोडलं की लेक पाण्याबरोबर उतरते आणि माय जागेवर राहते. खालची बाटली आतली हवा काढलेली असते, त्यामुळे पाणी आपोआप ओढलं जातं. कोणाला पेटी उघडावी लागत नाही. दुसऱ्या सकाळपर्यंत मायेपासून पुन्हा लेक तयार झालेली असते. पुन्हा धार. आठवडाभर, फार तर थोडं जास्त, ही गाय दूध देते, मग नवी पेटी मागवायची.

आणि धार काढली की लगेच वापरत नाहीत. लेकीबरोबर मायेचा अंश उतरला नाही ना, ते आधी मोजतात. डेअरीत फॅट लावतात तसं. जास्त निघाला, तर ती धार रुग्णाला देत नाहीत.

ब्रूकहेवनने तेव्हा या साधनाच्या पेटंटचा विषय काढला होता. पण सरकारी अणुखात्याकडून उत्तर आलं, की या वस्तूचा उपयोग बहुतेक प्रयोगशाळेपुरताच राहील, पेटंट घेण्याइतका बाजार दिसत नाही. तिथेच काम करणारे पॉवेल रिचर्ड्स मात्र भेटेल त्याला टेक्नेशियमचे गुण सांगत राहिले. १९६० मध्ये रोमच्या परिषदेला जाताना विमानात शिकागोचे सर्जन पॉल हार्पर भेटले, तर प्रवासभर त्यांना हेच ऐकवलं.

हार्पर यांच्याबरोबर काम करत होत्या कॅथरीन लॅथ्रोप. पाच मुलांची आई. युद्धकाळात शिकागोच्या अणुप्रकल्पात शरीरावर किरणोत्सर्गाचा काय परिणाम होतो यावर त्यांनी काम केलं होतं. कोणता पदार्थ शरीरात कुठे जातो, किती वेळ थांबतो, कधी बाहेर पडतो, याचा हिशेब ठेवणं ही त्यांची हातोटी. हार्पर आणि लॅथ्रोप यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला टेक्नेशियम थायरॉइड, यकृत आणि मेंदू यांच्या तपासणीसाठी वापरून दाखवलं. कॅमेऱ्याला दिसतील इतके किरण, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत जोर जवळजवळ संपलेला. मागणी इतकी वाढली, की १९६६ मध्ये ब्रूकहेवनने पेट्या करून देणं थांबवलं आणि ते काम कंपन्यांकडे गेलं. 'बाजार दिसत नाही' म्हटलेलं हे द्रव्य आज जगातल्या अशा तपासण्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांत वापरतात.

आपल्याकडे १९५६ मध्ये मुंबईत ट्रॉम्बेला अप्सरा अणुभट्टी सुरू झाली, आणि १९६३ मध्ये परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर. आपल्या भट्टीतलं मोलिब्डेनम परदेशी मालापेक्षा पातळ पडायचं, म्हणून इथल्या दवाखान्यांत बरीच वर्षं वेगळी रीत होती. ट्रॉम्बेहून मोलिब्डेनमचं द्रावण यायचं आणि रोज सकाळी एका द्रावकात घुसळून त्यातून टेक्नेशियम वेगळं काढायचे. धारेपेक्षा ताक घुसळण्याच्या जवळचं काम. पुढे 'ब्रिट' या सरकारी संस्थेने पुडीच्या नळीची पेटीही पुरवायला सुरुवात केली, तिचं नाव कोलटेक.

गोठा कितीही चांगला असला तरी चारा बाहेरून येतो, हे जगाला २००९ मध्ये कळलं. जगाला लागणाऱ्या मोलिब्डेनमचा मोठा हिस्सा कॅनडातल्या चॉक रिव्हरच्या जुन्या भट्टीत तयार व्हायचा. ती १९५७ पासून चालू होती. मे २००९ मध्ये तिला गळती लागली, आणि ऑगस्ट २०१० पर्यंत ती बंद राहिली. त्याच काळात नेदरलँड्समधली पेटनची भट्टीही काही महिने दुरुस्तीला बंद. कितीतरी देशांत स्कॅन पुढे ढकलावे लागले. साठा करून ठेवायची सोय नव्हतीच. मायेचाच जोर पावणेतीन दिवसांत निम्मा होतो, तर कोठार भरणार कसलं?

आता आक्कांच्या प्रश्नाकडे येतो. औषध फ्रिजात ठेवून चालत नाही, कारण ते नासत नाही, सरतं, आणि थंडीने सरणं थांबत नाही. नऊला भरलेलं तीनला निम्मं राहिलं होतं. त्यात टोचल्यावर तीनएक तास थांबावं लागतं, म्हणजे फोटो काढायला संध्याकाळचे सहा वाजले असते. हे आम्ही आक्कांना रुपया-आण्यात सांगितलं. नऊ वाजता सोळा आणे औषध असेल, तर दुसऱ्या दिवशी नऊला एक आणा उरतो. शिवाय बरंचसं लघवीवाटे निघून जातं, म्हणून भरपूर पाणी प्यायला सांगतात. घड्याळाच्या कारखान्यातल्या मुलींच्या हाडांत बसलं होतं ते सोळाशे वर्षांचं, हे दिवसाभराचं. आक्कांनी विचारलं, "आणि बाळ?" ताईंनी सांगितलं होतं तेच सांगितलं : त्या दिवशी त्याला फार वेळ मांडीवर घेऊ नका, लघवीनंतर पाणी भरपूर ओता, हात साबणाने धुवा. बाई गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल, तर मात्र सुई टोचण्याआधी सांगायलाच हवं, त्यांनी विचारायची वाट बघायची नाही. आणि उशीर होणार असेल तर वाटेतून फोन करायचा.

दुसऱ्या खेपेला आम्ही आदल्या दिवशीच शहरात गेलो, आक्कांच्या भाचीकडे राहिलो आणि आठलाच दवाखान्यात हजर झालो. ताई शिशाच्या डबीतून सुई घेऊन आल्या. आक्कांनी हात पुढे केला आणि विचारलं, "आजची सकाळची धार ना?" ताई हसल्या, हो म्हणाल्या. मग आक्कांनी तीन तासांत दोन बाटल्या पाणी संपवलं, यंत्राखाली हालचाल न करता पडून राहिल्या, आणि त्या रात्री नातू पहिल्यांदाच सुनेच्या खोलीत झोपला. फार रडला म्हणे.

रिपोर्ट आठवड्याने आला. हाडांत काही नव्हतं. गोळ्या पाच वर्षं चालू ठेवायच्या आहेत. त्या खर्चासाठी आक्कांना गटातून कर्ज द्यायचं की मदत निधीतून रक्कम काढायची, हे येत्या मंगळवारच्या बैठकीत ठरवायचं आहे.