हजेरीबुकातले बांगडे

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तह, तलवारी आणि सनावळ्या उभ्या राहतात. मीही वर्गात तोच इतिहास शिकवतो आणि परीक्षेत तोच विचारतो. पण गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेतले एक जुने कपाट आवरावयास घेतले, आणि वाळवीने कडा कुरतडलेल्या काही हजेरीबुकांनी मला तासभर जमिनीवर बसवून ठेवले. इतिहासकार मी नव्हे. पोटासाठी मास्तरकी आणि हौसेसाठी कादंबऱ्या, एवढीच माझी मजल. तरी त्या बुकांतून जे वाचले ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

आमची शाळा मालवणच्या किनाऱ्यालगत आहे. दांडी, मेढा, धुरीवाडा, वायरी या वाड्यांतली मुले वर्षानुवर्षे तिथे शिकत आली. १९५८ सालचे बुक उघडले तेव्हा जून ते सप्टेंबरची पाने हजेरीच्या रेघांनी गच्च भरलेली दिसली. बाहेर पाऊस कोसळत असताना मुले शाळेत येणार नाहीत तर जाणार कुठे? ऑक्टोबरचे पान मात्र विरळ होते. काही दिवशी तर अर्धा वर्ग गायब. आणि त्या रिकाम्या चौकोनांत गुरुजींनी गैरहजेरीची नेहमीची खूण न करता बारीक अक्षरात लिहिले होते, ‘बां.’

बांधकाम? बांध? काही उमगेना. दोन पाने उलटली तर एका नावापुढेही तेच ‘बां.’, आणि ते नाव माझ्या वडिलांचे! संध्याकाळी बुक त्यांच्यापुढे धरले. त्यांनी चष्मा पुसला, पान न्याहाळले आणि मनमुराद हसले.

“इतक्यांय कळूक नाय तुका? मास्तरांनी बांगडे लिवलेले हत!”

त्या एका अक्षरात आमच्या गावाचा सारा शरद ऋतू साठवलेला होता.

देशावरच्या वाचकांना शरद म्हणजे स्वच्छ आकाश, शेवंती आणि कोजागरीचे दूध. आम्हा किनाऱ्यावरच्या माणसांना शरद म्हणजे समुद्राचा निवळलेला रंग. नारळी पौर्णिमेला सिंधुदुर्ग किल्ल्यातून मानाचा नारळ सागराला अर्पण होतो, मागोमाग शहरातले लोक आपापले नारळ वाहतात; पण दर्याचा राग त्या दिवशी लगेच उतरत नाही. भाद्रपद सरतो, लाटांची उंची कमी होते, नद्यांनी आणलेला गढूळपणा खाली बसतो. पावसाळी वाऱ्यांच्या दिवसांत आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळ खोलातले गार पाणी वर येते, त्याबरोबर माशांचे सूक्ष्म खाद्य फोफावते, असे शास्त्रज्ञ सांगतात. त्या खाद्यावर पोसलेले बांगड्याचे आणि तारल्यांचे थवे आश्विनात किनाऱ्याच्या अगदी कुशीत येतात. पाण्यावर एखादा सावळा डाग सरकताना दिसतो, वर पाखरे घिरट्या घालू लागतात, आणि टेहळणीला बसलेला म्हातारा हाक देतो. अमावास्येच्या सुमारास तर थवा रात्रीही दिसतो. मासळीच्या हालचालीने काळोखात पाणी पेटल्यासारखे चमकते. दिवाळीची पहिली रोषणाई आमच्याकडे समुद्रात होते, असे आजी म्हणे.

हाक आली की रापण लागे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढावयाचे मोठे जाळे. जाळ्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती देऊन होडी पाण्यात जाते, जाळे सोडीत सोडीत थव्याला अर्धवर्तुळाकार वळसा घालते आणि दुसऱ्या टोकाचा दोर दूरवर पुन्हा वाळूला आणून टेकवते. मग दोन्हीकडे माणसांच्या रांगा लागतात. दोर कमरेशी घेऊन, पाय वाळूत रोवून, मागे मागे सरत ओढणे चालते. दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकतात, आणि अखेरीस मधला भाग वाळूवर येतो तेव्हा चांदीची रास तडफडत असते. या कामाला वीस-पंचवीस हात पुरत नाहीत. म्हणून त्या दिवशी अख्खी वाडी किनाऱ्यावर. वर्गातली पोरे खिडकीतून ती हाक ऐकत, एकमेकांकडे पाहत आणि गुरुजींची पाठ वळली की पसार होत.

आता या खेळात इतिहास कुठे आला, असे कोणी विचारील. मालवणचा इतिहास म्हटला की सिंधुदुर्ग येतोच. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर शिवाजीमहाराजांनी या जलदुर्गाची पायाभरणी केली. आम्ही मास्तर लोक हे साल मुलांकडून घोकून घेतो, पण महिना कोणता हे लक्षात आणून देत नाही. पाऊस गेल्यावर, समुद्र शांत झाल्यावरचा तो मुहूर्त आहे. खडकांनी वेढलेल्या त्या बेटावर माणसे, चुना, शिसे, सारे होडीनेच न्यावयाचे होते. ऋतू ओळखणारा आणि खडक चुकवणारा नावाडी नसता तर सुमारे तीन किलोमीटर लांबीचा तो तट उभा राहिला नसता. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही आरमाराचे प्रकरण आहे, आणि पावसाळ्यात आरमाराची छावणी कशी करावी, बंदरच्या रयतेला तिचा उपद्रव कसा होऊ नये, याची चिंता तिथे केलेली आढळते. म्हणजे राज्य भोसल्यांचे असो वा कोणाचे, पंचांग दर्याचेच चाले. पुढे १७६५ साली इंग्रजांनी हा किल्ला घेऊन त्याला फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले, मग तो कोल्हापूरकरांना परत केला, आणि १८१२ च्या तहाने मालवण कायमचे त्यांच्याकडे गेले. किल्ल्यावरची निशाणे बदलली. आश्विनातली हाक बदलली नाही.

इंग्रजी अमदानीचा खरा चटका या किनाऱ्याला तोफेने दिला नाही, मिठाने दिला. शरदात बांगडा इतका येई की खाऊन, विकून सरत नसे. बर्फ कुठला? उरलेला मासा मिठात घालावा, वाळवावा, आणि अगदीच जास्त झाला तर माडांच्या मुळाशी खत म्हणून पुरावा, हाच मार्ग. पण मिठावर कर. फ्रान्सिस डे नावाच्या अधिकाऱ्याने हिंदुस्थानातल्या मासेमारीवर १८७३ साली मोठा अहवाल लिहिला, त्यात मिठाच्या महागाईमुळे मासे खारवण्याच्या धंद्याची कशी कोंडी होते याची चर्चा आहे. त्यानंतर मासे खारवण्यासाठी सरकारी आवारे निघाली आणि तिथे स्वस्तात मीठ मिळू लागले, पण तिथल्या नोंदी आणि पहारे सांभाळून. १९३० साली आमच्या दक्षिणेला शिरोड्यास मिठाचा सत्याग्रह झाला. त्याच शिरोड्याच्या शाळेत त्या काळी वि. स. खांडेकर मास्तर होते, हे सांगताना माझ्यासारख्या कादंबऱ्या लिहिणाऱ्या मास्तराला उगाच कॉलर ताठ झाल्यासारखी वाटते. मुलांना मी सांगतो, मिठाचा कर हा आमटीतल्या चिमटीपुरता समजू नका. तुमच्या पणजीने खारवलेल्या दर बांगड्यावर तो बसत होता. १९४७ साली तो गेला.

पण मला सांगावयाचे आहे ते त्याहून लहान गोष्टीचे. ती गोष्ट आहे वाट्याची.

रापण एका मालकाची नसे. आमच्या वाडीच्या रापणीत प्रत्येक घराचा जाळ्याचा एक तुकडा असे. सारे तुकडे जोडून जाळे होई. मासळी वाळूवर आली की वाटे घालीत. जाळ्याचे, होडीचे, ओढणाऱ्यांचे. देवाचा वेगळा निघे. वाटसरूने दोराला हात लावला तरी त्याला रिकामा पाठवीत नसत. पोरांना ओंजळभर मिळे. आणि ज्याच्या हातात दोर धरण्याची ताकद उरली नाही, अशा म्हाताऱ्याच्या टोपलीतही दोन-चार बांगडे पडत. देणारा मोठेपणा मिरवीत नसे आणि घेणाऱ्याची मान खाली जात नसे. तो रिवाज होता, दान नव्हे.

माझे आजोबा वडिलांच्या लहानपणीच गेले. आजीच्या पदरी तीन मुले आणि आढ्याला टांगलेला जाळ्याचा एक तुकडा. ताग आणि सुताची ती जाळी. वेळच्या वेळी विणून, झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून जपली नाहीत तर कुजत. आजी पावसाळाभर चिमणीच्या उजेडात ते जाळे दुरुस्त करी. आश्विनात तिचा तुकडा इतरांच्या तुकड्यांना जोडला जाई, आणि संध्याकाळी आजोबांच्या नावाचा वाटा दारात येई. मेलेल्या माणसाचे नाव वाळूवर पुकारले जाई आणि बारा वर्षांचा माझा बाप “हजर” असल्यासारखा पुढे होई. १९५८ च्या बुकातल्या त्या ‘बां.’चा अर्थ हा. पोरगा शाळेत गैरहजर होता, कारण बापाच्या जागी हजर होता.

त्या वाट्यातले बांगडे पाटीत घालून आजी पहाटे कुंभारमाठ, चौक्याच्या बाजूला चालत जाई. तिकडे त्याच दिवसांत हळवे भात कापून झालेले असे. मासे द्यावेत, भात घ्यावे. पैसा क्वचितच मधे येई. त्या नव्या भाताचे पोहे कांडले की आमची दिवाळी उभी राही. चावदिशीच्या पहाटे अभ्यंग झाले की अंगणात कारीट पायाच्या अंगठ्याने चिरडावयाचे, त्याचा कडू थेंब जिभेला लावावयाचा, आणि मग दूधपोहे, गूळपोहे, तिखट पोहे. शेतकऱ्याच्या घरी आमचा बांगडा आणि आमच्या घरी त्याचा पोहा. डोंगर आणि दर्या यांचा हा देण्याघेण्याचा व्यवहार कोणत्याही तहात नमूद नाही, पण तो कोणत्याही तहापेक्षा अधिक काळ टिकला.

मग काळ पालटला. नायलॉनची जाळी आली, ती कुजत नाहीत म्हणून बायकांनी त्यांचे स्वागतच केले. १९६० नंतरच्या वर्षांत यंत्रावरच्या होड्या वाढल्या, ट्रॉलर आले, पुढे थव्याला भर समुद्रात वेढून उचलणारी पर्ससीन जाळी आली. मासा किनाऱ्याला येईपर्यंत वाट पाहण्याचे कारण उरले नाही. शेजारच्या गोव्यात रापणकारांनी १९७० नंतरच्या दशकात मोठे आंदोलन केले. गोव्यात १९८० साली आणि महाराष्ट्रात १९८१ साली सागरी मासेमारी नियमनाचे कायदे झाले. २०१६ साली राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले. २०१७ साली प्रखर विजेच्या दिव्यांनी मासे गोळा करण्यावर केंद्राने बंदी आणली. कायदे झाले, तरी समुद्रावरचे भांडण मिटले असे आमच्या वाडीत कोणी म्हणणार नाही. यात एकालाच खलपुरुष ठरवून कादंबरी लिहिणे सोपे आहे, पण ट्रॉलरवर पगाराने जाणारी पोरेही माझ्याच वर्गातून गेलेली आहेत. त्यांच्या घरी पक्की कौले चढली, बहिणी शिकल्या. नाही कसे म्हणू?

फक्त एक गोष्ट त्या नफ्यातोट्याच्या हिशेबात कुठे बसत नाही. ट्रॉलरवर मासळी बंदराला लागते ती मोजून, बर्फात घालून, लिलावाला. तिथे दोर नाही. म्हणून दोराला हात लावणाऱ्या वाटसरूचा वाटा नाही, म्हाताऱ्याच्या टोपलीतले बांगडे नाहीत, मेलेल्याच्या नावाची हाक नाही. जाळ्याबरोबर एक नाते समुद्रात गेले. आता रापण लागते ती क्वचित. १९९७ साली आमचा जिल्हा पर्यटन जिल्हा झाला. तेव्हापासून किनाऱ्यावर पाहुण्यांची वर्दळ वाढली आहे, आणि रापण दिसली तर ते हौसेने दोर धरून छायाचित्रे काढून घेतात. गंमत अशी, की त्यांनाही दोन बांगडे देण्याचा आग्रह म्हातारे रापणकर अजून करतात. रिवाज तो रिवाज.

कपाटातली पुढच्या सालांची बुके मी ओळीने लावली. दर दशकाला ऑक्टोबरचे पान थोडे थोडे भरत गेलेले दिसले. ‘बां.’ विरळ झाले, मग गुरुजी बदलले आणि ती खूणच नाहीशी झाली. आज माझ्या वर्गाची आश्विनातली हजेरी जवळजवळ पूर्ण असते. वरिष्ठ येतात, बुक पाहतात, पाठ थोपटतात. शिक्षक म्हणून मला आनंद व्हावा, आणि तो होतोही. माझा बाप शिकला म्हणून मी मास्तर झालो. पोराने दोर ओढावा आणि पुस्तक सोडावे असे मी कधी म्हणणार नाही. पण ते भरलेले पान पाहताना वाडी रिकामी झाल्यासारखी वाटते, हेही खोटे नाही.

गेल्या आश्विनात, सुट्टी लागण्याच्या दोन दिवस आधी, मागच्या बाकावरचा एक मुलगा मधल्या सुट्टीनंतर आला. चड्डी ओली, पायांना वाळू, हातात केळीच्या पानात गुंडाळलेले काहीतरी. वर्ग हसला. मी कारण विचारले.

“सर, आज्याची रापण लागली. माणसां कमी पडली.” आणि ते पान पुढे करून, जरा घाबरतच, “ह्यो तुमचो वाटो.”

मी दोराला हात लावला नव्हता. तसे मी त्याला सांगितलेही. तो म्हणाला, आज्यानेच धाडले आहेत, मास्तरांचा असतोच.

हल्ली हजेरी मोबाइलवरही भरावी लागते. तिथे दोनच पर्याय, आहे किंवा नाही. त्याच्या नावापुढे मी नियमाप्रमाणे सकाळची गैरहजेरी नोंदवली. मग कागदाचे बुक उघडले, पेन्सिलीला टोक काढले आणि त्या चौकोनात बारीक अक्षरात लिहिले, ‘बां.’

पुढेमागे कोणी कपाट आवरील तेव्हा त्याला ते कळेल की नाही, कोण जाणे. म्हणून इथे लिहून ठेवले आहे.