कासव मूळचं कुठलं?

आमच्या चिंचणी-तारापूरच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात कधी कधी मेलेलं कासव वाहून येतं. लहानपणी अशाच एका फुटक्या कवचात मी डोकावलो. शंखात किडा राहतो तसं कासव कवचात राहतं, अशी माझी समजूत. पाहतो तर बरगड्या कवचालाच जडलेल्या! घर नव्हे, अंगच होतं ते.

हे अंग घडलं कसं, यावर शास्त्रज्ञ शंभरावर वर्षं भांडत आले. एक पक्ष म्हणे, कातडीत हाडाचे खवले उगवले आणि ते सांधून ढाल झाली. दुसरा म्हणे, बरगड्याच रुंदावल्या. घोडं अडलं पुराव्यापाशी, कारण जर्मनीत सापडलेलं 21 कोटी वर्षांपूर्वीचं कासवही पूर्ण कवचानिशीच होतं.

युनोटोसॉरस हा दक्षिण आफ्रिकेतला 26 कोटी वर्षांपूर्वीचा सरपटणारा प्राणी. सीली यांनी 1892 मध्ये त्याला नाव दिलं. कवच नाही, पण बरगड्या पानासारख्या रुंद. 1914 मध्ये वॉटसन यांनी त्याचं कासवाशी नातं जोडलं. पुढच्यांनी तो योगायोग ठरवला. मग 2008 मध्ये चीनमधून 22 कोटी वर्षांपूर्वीचं, चक्क दात असलेलं कासव पुढे आलं. पोटाखाली पूर्ण ढाल, पाठीवर मात्र नुसत्या रुंद बरगड्या. युनोटोसॉरसची फाईल पुन्हा उघडली. 2016 मध्ये लायसन आणि सहकाऱ्यांनी मांडलं, की या बरगड्या संरक्षणासाठी नव्हत्याच. जमीन उकरताना धड स्थिर राहावं म्हणून त्या रुंदावल्या. त्यापायी पळणं मंदावलं, श्वास घेणंही अवघड झालं. ढाल नंतरची! मला हे फार पटतं. सर्वांना पटलेलं नाही. जनुकं कासवाला मगरी-पक्ष्यांच्या पंगतीत बसवतात. तिथे युनोटोसॉरसचं पान मांडायचं की नाही, हा वाद चालूच आहे.

कविसंमेलनांत मलाही विचारतात, "मूळचे कुठले?" तारापूर म्हटलं, की पुढचा प्रश्न, "नाही, त्याआधी?"

तर आपल्याकडच्या कासवाचं सांगतो. 1852 मध्ये हेन्री कार्टर यांनी मुंबई बेटावरच्या गोड्या पाण्यातल्या एका कासवाच्या जीवाश्माचं वर्णन केलं. लाव्हाच्या थरांमधल्या गाळात ते सापडलं होतं. वय साडेसहा कोटींच्या आसपास. मान आत न ओढता आडवी मुडपणाऱ्या कुळातलं. ते कूळ आज भारतात कुठेच उरलेलं नाही. आमच्या किनाऱ्यावरचा काळा खडक त्याच लाव्हाच्या काळातला. ओहोटीला त्याच्यावर आम्ही कालवं काढायला जायचो.